आरपीएम वाढले, पण बोट पळाली का? : रबरी बोटीवरच्या इंजिनाची उंची आणि पंख्याची निवड

खाडीत, धरणाच्या जलाशयात किंवा किनाऱ्यालगत नमुने गोळा करायचा विषय तुम्ही पीएचडीसाठी घेतलात, तर कधी ना कधी हवा भरायची रबरी बोट आणि तिच्या मागे लावायचं आऊटबोर्ड इंजिन तुमच्या पदरात पडणारच. (आजकाल यातल्या बऱ्याच बोटी पीव्हीसीच्या असतात, पण सगळे रबरी बोटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) विभागाकडे बोट असते, १५ एचपीचं इंजिन असतं, इंजिनाबरोबर आलेला पंखा म्हणजे प्रोपेलर असतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या आहेत असं धरून आपण कामाला लागतो. प्रत्यक्षात बोट एका कंपनीची असते, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, आणि पंखा कुठल्याशा सरासरी बोटीचा विचार करून दिलेला. चार माणसं, बर्फाची पेटी, गाळ काढायचा ग्रॅब आणि पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन ओहोटीच्या विरुद्ध परत येणारी तुमची बोट त्या सरासरीत कुठेच बसत नाही.

याने काय बिघडतं? ठाण्याच्या खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. चिखलाच्या पट्ट्यांवर बोट नेण्याइतकं पाणी थोडेच तास असतं. भरलेली बोट पाण्यावर चढून धावायला लागली नाही, नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहिली, तर वेग निम्म्याहून कमी होतो आणि पेट्रोल मात्र तसंच जळत राहतं. शेवटची दोन स्टेशनं हुकतात, किंवा बोट चिखलात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तुम्हीही बसता. महिन्यातून एकदाच घ्यायच्या नमुन्यांमध्ये दोन स्टेशनं हुकणं म्हणजे काय, हे गाइडसमोर बसलात की कळतं.

यात दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत: इंजिन किती उंचीवर टांगायचं आणि कोणता पंखा लावायचा. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्या जुळल्यात का हे सांगणारं जे रीडिंग सगळे बघतात, म्हणजे इंजिनाचे आरपीएम, त्याचे दोन उलटे अर्थ निघतात. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हे उदाहरण म्हणूनच सांगावंसं वाटतं. इथे प्रयोगशाळा लागत नाही, पण गोंधळ तोच असतो.

आधी उंची. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात, इंजिन तिच्यावर अडकवतात. छोट्या शाफ्टची इंजिनं १५ इंची ट्रान्समसाठी असतात, लांब शाफ्टची २० इंचीसाठी. ही जोडीच चुकली असेल तर खालचं काही वाचू नका, आधी ते बदला. जोडी बरोबर असेल तर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बघा. बरेच जण तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. तिचं खरं काम वरची हवा पंख्यात ओढली जाऊ न देण्याचं आहे, त्यामुळे व्हेंटिलेशनविरोधी पट्टी हे नाव बरोबर. ही पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभर असावी, हा सुरुवातीचा अंदाज. बोटीत हवा भरून ती सपाट जमिनीवर ठेवा, तळाच्या मधोमध कण्याला एक सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या आणि अंतर मोजा.

इंजिन फार खाली असेल तर त्याचा पाय उगाच जास्त पाण्यात राहतो. तो पाण्यात उभ्या धरलेल्या फळीसारखा बोटीला मागे ओढतो, शिंतोडे उडतात, वेग जातो. फार वर असेल तर पंखा वरची हवा ओढतो, फेसात फिरतो आणि पकड सोडतो. आणखी वर गेलं तर थंड करणारं पाणी आत घ्यायच्या जाळ्या उघड्या पडतात. इंजिनाच्या मागून पिचकारीसारखी जी धार येते ती बारीक झाली, तर प्रयोग तिथेच थांबवायचा. इंजिन जळण्यापेक्षा दोन किलोमीटरचा वेग गेलेला बरा.

आता पंखा. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ सव्वानऊ बाय नऊ. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जायला हवा ते पिच. पाणी लाकूड नाही, त्यामुळे पंखा तितका पुढे जात नाही. हिशोबाने येणारा वेग आणि खरा वेग यांच्यातली तूट म्हणजे स्लिप. हा शब्द वाईट वाटतो, पण थोडी स्लिप असल्याशिवाय पंखा जोरच लावू शकत नाही. तिरका धरलेला पतंग जसा वाऱ्याचा जोर घेतो, तसं पातं पाण्याला थोडं तिरकं भेटलं तरच पाणी मागे ढकललं जातं.

हिशोब सोपा आहे. आपण असं धरू की गिअरचं प्रमाण २.०८ आहे आणि पिच ९ इंच. आरपीएमला २.०८ ने भागा, म्हणजे पंख्याचे फेरे आले. त्याला ०.२२८६ मीटरने गुणा, मग ६० ने गुणून हजाराने भागा. थोडक्यात, या जोडीसाठी आरपीएम गुणिले ०.००६६ म्हणजे हिशोबाचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. तुमच्या इंजिनाचं गिअरचं प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं, ते घालून हा गुणक एकदाच काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता तीन फेऱ्या बघा. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण खाडीत असंच काहीसं दिसतं. पट्टी तळाच्या ५० मिलिमीटर खाली असताना पूर्ण थ्रॉटलला ५१०० आरपीएम, वेग २५. इंजिन २५ मिलिमीटर वर घेतलं: ५३५० आरपीएम, वेग साडेसत्तावीस. आणखी २५ वर: ५६५० आरपीएम, वेग २७.

फक्त टॅकोमीटर बघणारा माणूस म्हणेल, वा, प्रत्येक वेळी इंजिन मोकळं होतंय, अजून वर घेऊ. आता स्लिप काढा. पहिल्या फेरीत हिशोबाचा वेग ३३.६, म्हणजे स्लिप साधारण २६ टक्के. दुसऱ्या फेरीत ३५.३, स्लिप २२ टक्के. तिसऱ्या फेरीत ३७.३, स्लिप साडेसत्तावीस टक्के. आरपीएम दोन्ही वेळा वाढले, पण पहिल्यांदा वाढले ते ओढ कमी झाली म्हणून. बोट जोरात गेली, समोरून येणारं पाणी पात्याला कमी तिरकं भेटलं, पात्यावरचा भार हलका झाला, इंजिनाने जास्त फेरे घेतले. दुसऱ्यांदा वाढले ते पंख्यात हवा शिरली म्हणून. भार तेव्हाही हलका झाला, पण बोट ढकलण्याचं काम कमी झाल्यामुळे. इंजिनाला या दोन हलकेपणांतला फरक कळत नाही. त्यामुळे टॅकोमीटरलाही कळत नाही.

एका रीडिंगवरून निर्णय घ्यायचा नाही, हे आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात पाठ करतो. इथे ते हातात येतं. आरपीएम आणि वेग वेगवेगळे बघितले तर अर्धवट, त्यांचं गुणोत्तर बघितलं की कारण दिसायला लागतं.

हा गोंधळ फार जुना आहे. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये टर्बिनिया ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट पाण्यात सोडली. टर्बाइन भयानक वेगात फिरत होतं, पंखा फिरत होता, बोट मात्र वीस नॉट्सही गाठेना. तिथे कारण वरची हवा नव्हतं. पात्यांच्या पाठीवर दाब इतका पडत होता की पाण्याचीच वाफ होऊन पोकळ्या तयार होत होत्या. हे खरं कॅव्हिटेशन. पार्सन्स यांनी काचेची खिडकी असलेला छोटा जलमार्ग बनवून त्यात पंखा फिरवला आणि लुकलुकत्या उजेडात पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या. मग एका पंख्याचं काम तीन शाफ्टांवरच्या नऊ पंख्यांत वाटलं. १८९७ मध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात तीच बोट ३४ नॉट्सच्या आसपास वेगाने धावली. फेरे भरपूर आणि वेग नाही, हे लक्षण एकच, पण त्यांच्या बोटीचं कारण वेगळं, तुमच्या बोटीचं वेगळं. म्हणून ती पट्टी कॅव्हिटेशन प्लेट म्हणवली जाते तेव्हा मला थोडं खटकतं. नाव चुकलं की माणूस इलाजही चुकीचा शोधतो.

याच लक्षणाचं तिसरं कारण तर पाण्यात शोधून सापडणारच नाही. पंख्याच्या मध्यभागी रबराचं बूश असतं, पातं दगडावर आपटलं तर धक्का गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून. जुनं झालं की ते आतल्या आत घसरतं. शाफ्ट फिरतो, पंखा मागे राहतो, आरपीएम वाढतात, वेग नाही. हे ओळखायला पैसे लागत नाहीत. आतल्या धातूच्या नळीवरून बाहेरच्या हबपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा, पूर्ण थ्रॉटलला एक फेरी मारा, इंजिन बंद करून बघा. रेघ तुटून सरकली असेल तर उंचीचे सगळे प्रयोग बाजूला ठेवा आणि पंखा बदला. उंचीचा अभ्यास सुरू करण्याआधी ही रेघ ओढलेली असलीच पाहिजे, असं माझं मत आहे.

रबरी बोटीचा स्वतःचा एक घोळ आहे, जो फायबरच्या बोटीला नसतो. जमिनीवर मोजलेली उंची पाण्यावर तशीच राहत नाही. दुपारच्या उन्हात नळ्यांमध्ये हवा भरली, नळी ४२ अंशांवर आणि दाब ०.२५ बार. बोट २८ अंशांच्या पाण्यात उतरली की आतली हवा थंड होते. हवेचा एकूण दाब तापमानाच्या प्रमाणात उतरतो, पण वातावरणाचा दाब वजा केल्यावर जो उरतो तो ०.१९ बारच्या आसपास, म्हणजे जवळपास पाव दाब गेला. बोट लुसलुशीत होते, तळ मध्ये वाकतो, ट्रान्सम इंजिनाच्या जोराने मागेपुढे कलते. तुम्ही मिलिमीटरमध्ये मोजलेली उंची आता सेंटिमीटरने हलते आहे. उपाय साधा: बोट पाण्यात उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा मोजायचा आणि भरायचा, आणि प्रत्येक फेरीच्या आधी तो लिहायचा. उलटही लक्षात ठेवा. पाण्यात घट्ट भरलेली बोट किनाऱ्यावर उन्हात काढली की दाब वाढतो, तेव्हा थोडी हवा सोडा.

इंजिनाचा कोन हेही उंचीचंच भावंड आहे. लहान इंजिनांना कोन ठरवायला खिळीची भोकं असतात. बोट धावत असताना ती आडवी पट्टी पाण्याला समांतर राहील असं भोक निवडा. बोट घोड्यासारखी उसळत असेल तर खिळी एक भोक आत घ्या, किंवा बर्फाची पेटी पुढे सरकवा. बहुतेक वेळा पेटी सरकवूनच काम होतं. उंचीचे प्रयोग संपेपर्यंत मात्र खिळी आणि पेटी दोन्ही जागची हलवायची नाहीत.

आता वेग मोजणं. मोबाइलचं जीपीएस चालतं, पण जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतं आणि पंखा पाण्याच्या हिशोबाने चालतो. खाडीत पाणी स्वतः वाहत असतं. म्हणून प्रवाहाबरोबर एक आणि विरुद्ध एक अशा फेऱ्या मारायच्या आणि दोन वेगांची सरासरी घ्यायची. वेगांची म्हटलं, वेळेची नाही. बोटीचा पाण्यातला वेग २८ आणि प्रवाह ४ असेल तर जीपीएस एकदा ३२ दाखवेल, एकदा २४. सरासरी २८, बरोबर. पण दोन खुणांमधलं तेवढंच अंतर दोनदा जाऊन एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलंत तर २७.४ येतं, कारण विरुद्ध जाताना तुम्ही जास्त वेळ घालवता. उंची २५ मिलिमीटरने बदलल्याचा फरकच दोन-अडीच किलोमीटरचा असताना ही अर्ध्याहून जास्त किलोमीटरची चूक परवडत नाही. प्रवाह मधल्या वेळात बदलतोही. म्हणून जाताना, येताना, पुन्हा जाताना अशा तीन फेऱ्या मारा, मधल्या फेरीला दुप्पट वजन द्या आणि चारने भागा. मोठ्या जहाजांच्या चाचण्यांतही प्रवाह असाच काढून टाकतात. भांगाचा दिवस निवडलात तर प्रवाहच कमी असतो, अर्धी डोकेदुखी तिथेच जाते.

टॅकोमीटर स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्तातला चालतो. एका फेऱ्यात किती ठिणग्या पडतात हे सेटिंग बरोबर आहे ना ते बघा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. आकडा दहा हजार आला तर इंजिनाला दोष देऊ नका.

उंची ठरली की मग पंखा. हा क्रम उलटा करू नका. उंची चुकीची असताना निवडलेला पंखा त्या चुकीच्या उंचीसाठी बरोबर असतो. पंखा निवडायची कसोटी अशी: नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने सांगितलेल्या टप्प्याच्या वरच्या भागात फिरलं पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या इंजिनाचा टप्पा ५००० ते ६००० धरू. वर ५३५० आले ते दोन माणसं आणि रिकामी बोट असताना. आता चार माणसं आणि सगळं सामान चढवलं आणि ४७०० वरच अडकलं, तर पिच जास्त आहे.

४७०० म्हणजे इंजिन निवांत चाललंय, असं ऐकताना वाटतं. ते निवांत नसतं. चढावर चौथ्या गिअरमध्ये मोटरसायकल दामटली की जे होतं तेच इथे होतं: थ्रॉटल पूर्ण उघडा, फेरे कमी, इंजिन गरम, कार्बन साठतो, आणि बोट पाण्यावर चढतच नाही. पिच एक इंच कमी केलं की ढोबळ मानाने १५० ते २०० आरपीएम वाढतात. लहान इंजिनांत हा फरक जास्तही दिसतो, म्हणून नियमावर विसंबू नका, पंखा उसना आणून बघा. आपल्या बोटीला आठच्या पंख्याने जेमतेम ४९००, सातच्या पंख्याने ५००० च्या वर मिळतील. पण सातचा पंखा लावून रिकामी बोट पूर्ण थ्रॉटलला पळवली तर फेरे टप्प्याच्या बाहेर जाऊ शकतात, तेव्हा थ्रॉटल आवरायचा. माझा सल्ला: भरलेल्या बोटीसाठी कमी पिचचा पंखा कायम लावून ठेवा, मूळचा पंखा, पिन आणि पाना बोटीत सुटा ठेवा. खाडीत दगड आहेत, त्यामुळे पंखा ॲल्युमिनियमचाच बरा. पोलादी पंखा वेग देतो, पण आपटला की धक्का गिअरला जातो.

पंखा बदलला की उंची एकदा परत तपासा. २५ मिलिमीटर वर आणि खाली, बस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आपल्याला शिकवलेलं असतं, पण ज्या दोन गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात तिथे एकेक बदलत गेल्यावर परत एकदा मागे जाऊन बघावंच लागतं.

यापेक्षा आधीचा प्रश्न असा की तुमची बोट करते काय. दिवसभरातला बहुतेक वेळ ती इको साउंडर लावून ताशी पाच-सहा किलोमीटरने सरळ रेषा मारत असेल, तर कमाल वेगासाठी इंजिन वर घेण्याचा हट्ट कशाला? थोडं खाली ठेवा. लाटेत आणि वळणावर पकड सुटणार नाही, साउंडरजवळ बुडबुडेही कमी येतील. ज्यांची स्टेशनं दूर दूर आहेत आणि मधल्या प्रवासातच वेळ जातो, त्यांनी वेगाचा विचार करावा. आणि जिथे चिखलाच्या पट्ट्या ओलांडायच्या आहेत तिथे ताठ इंजिनापेक्षा उथळ पाण्याची खिळी वापरून हळू जाणं शहाणपणाचं.

चाचणीच्या दिवशी तीन गोष्टींवर वाद घालायचा नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. आणि पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद, दोरी काढलेली. उंची वाढवल्यावर पहिलं वळण हळू घ्या, कारण पकड सुटते ती आधी वळणावरच, आणि ती परत येताना बोट झटका देते. इंजिनाखाली उंची वाढवायला लाकडाच्या पट्ट्या घालत असाल तर पकडीचे स्क्रू ट्रान्समवर पुरेसे खाली बसलेत ना हे बघा आणि इंजिन साखळीने बोटीला बांधा. उंची पक्की ठरली की बोल्ट मारून टाका.

वहीत प्रत्येक फेरीसाठी एवढं असू द्या: पट्टीची उंची, पंख्याचे दोन आकडे, कोनाचं भोक, नळ्यांचा दाब, माणसं आणि अंदाजे वजन, टाकीतलं पेट्रोल, वेळ आणि भरती की ओहोटी, आरपीएम, तिन्ही वेग, स्लिप, वळणावर पकड सुटली का. ही वही बोटीबरोबर राहू द्या, तुमच्या कपाटात नको. पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी ती बोट नेणार आहे, आणि ट्रान्समखाली दोन लाकडी पट्ट्या का आहेत हे त्याला कळलं नाही तर तो पहिल्याच दिवशी त्या काढून टाकेल.